ऑफिसचा ०७१२ वाला नंबर टीम्स किंवा झूमला जोडायचा आहे? आधी जुनं बिल काढा

"भाऊ, आमच्याकडे टीम्स आहे, आता फोन पण त्याच्यातच घ्यायचा आहे, किती लागतील?" असा फोन (टीम्स म्हणजे मायक्रोसॉफ्टचं ऑफिसच्या चॅट आणि मीटिंगचं ॲप) मला कधी बुटीबोरीवरून येतो, कधी हिंगणा एमआयडीसीतून, कधी वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडून, रामदासपेठेतल्या हॉस्पिटलमधून पण येतो. आणि मी दरवेळी एकच विचारतो, तुमचा ०७१२ वाला, म्हणजे नागपूरच्या कोडचा लँडलाइन नंबर कोणत्या कंपनीचा आहे आणि किती वर्षांपासून चालू आहे? समोरचा जरा थांबतो, कारण त्याला लायसन्सचा रेट पाह्यजे असतो आणि मी टेलिफोनचं जुनं बिल मागून राहिलो असतो. पण बाप्पा, सगळं गणित त्या बिलापासूनच सुरू होतं. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो, ज्याला हे काम करायचं आहे त्याने आधी हे वाचावं आणि मग कोटेशन मागवावं.

नंबर पोर्ट होत नाही, हे पक्कं डोक्यात ठेवा

मोबाईलचा नंबर आपण एका कंपनीतून दुसरीकडे नेतो, २० जानेवारी २०११ पासून देशभर ती सोय आहे, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की लँडलाइनचं पण तसंच असेल. तसं नाही. आपल्याकडे लँडलाइन नंबर एका ऑपरेटरकडून दुसऱ्या ऑपरेटरकडे पोर्ट करता येत नाही. इंटरनेटवर जे इंग्रजी व्हिडिओ आणि गाईड आहेत त्यात "तुमचा नंबर पोर्ट करा" असं एका ओळीत सांगून पुढे जातात, ते त्यांच्या देशात चालतं, नागपुरात नाही.

याचा अर्थ काय, तर तुमचा नंबर ज्या ऑपरेटरकडे आहे तोच ऑपरेटर तुमचे अर्धे पर्याय ठरवतो. प्लॅटफॉर्म कोणता, फोन कोणते, ॲप कसं दिसतं, हे सगळं नंतर.

मी स्वतः पाहिलेलं सांगतो. वाडीला एक ट्रान्सपोर्ट फर्म आहे, जुनी, वडिलांच्या काळापासूनची. ऑफिसचा नंबर प्रत्येक ट्रकच्या मागे रंगवलेला, बिल्टीवर छापलेला, रायपूर ते अकोला सगळ्या ढाब्यांवर ड्रायव्हरच्या डायरीत लिहिलेला. एका व्हेंडरने त्यांना नवीन क्लाउड सिस्टीम दिली, सोबत नवीन नंबर दिले आणि सांगितलं की जुना नंबर "नंतर ट्रान्सफर करून देऊ". ते नंतर काही आलंच नाही कारण येणं शक्यच नव्हतं. तोपर्यंत जुन्या पीआरआय लाइनचं (ऑफिसची डिजिटल टेलिफोन लाइन, खाली सांगतो) बिल भरणं बंद केलं होतं, लाइन सरेंडर झाली, नंबर गेला. मी पोचलो तेव्हा शेठजी मला ट्रकच्या मागचा नंबर दाखवत होते, त्यांना नवीन सिस्टीमचा राग नव्हता, वडिलांनी घेतलेला नंबर गेला त्याचं दुःख होतं. मी काहीच करू शकलो नाही. तेव्हापासून मी कोणाच्याही ऑफिसात गेलो की आधी बिल मागतो.

तर बिल काढा आणि त्यात तीन गोष्टी पाहा. कनेक्शन कोणाच्या नावावर आहे (कितीदा तरी जुन्या पार्टनरच्या किंवा वारलेल्या काकाजींच्या नावावर असते, ते आधी दुरुस्त करून घ्या, केवायसीला अडकेल). लाइन कोणत्या प्रकारची आहे, साधी कॉपरची, पीआरआय की सिप ट्रंक. आणि डीआयडी किती, म्हणजे त्या एका लाइनवर डायरेक्ट लागणारे नंबर किती आहेत, शंभरचा ब्लॉक असेल तर सुरुवातीचा आणि शेवटचा नंबर लिहून ठेवा.

पीआरआय म्हणजे काय ते ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी, ती २ एमबीपीएसची जुनी डिजिटल लाइन असते ज्यात एकावेळी ३० कॉल जातात, तिचा वायर येऊन तुमच्या ईपीएबीएक्सच्या, म्हणजे ऑफिसातल्या इंटरकॉम एक्स्चेंजच्या पेटीत लागतो. सिप ट्रंक तेच काम आयपीवर, म्हणजे इंटरनेटसारख्या डेटा लाइनवर करते, चॅनल पाहिजे तितके घ्या, १० घ्या की ५० घ्या.

मग रस्ते कोणते आहेत

मी टीम्स धरून सांगतो कारण आपल्याकडे तेच जास्त विचारतात, झूमचं खाली येतेच.

मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा कॉलिंग प्लॅन, म्हणजे नंबर पण तेच देतील आणि मिनिटं पण तेच देतील, हा भारतात भेटत नाही. कोणी विकत असेल तर कागद वाचा. त्यामुळे आपल्याकडे खरे रस्ते दोनच उरतात.

पहिला ऑपरेटर कनेक्ट. यात टेलिकॉम कंपनी स्वतःचं नेटवर्क मायक्रोसॉफ्टला जोडून ठेवते, तुम्ही टीम्सच्या ॲडमिन पॅनलमध्ये जाऊन ऑपरेटर निवडता, त्याच्याशी करार झाला की नंबर तिथे दिसायला लागतात आणि माणसाच्या नावापुढे नंबर लावला की झालं. तुमच्या ऑफिसात नवीन पेटी नाही, सर्टिफिकेट नाही, काही नाही. एअरटेलने २०२३ मध्ये हे भारतात जाहीर केलं, आता एकापेक्षा जास्त कंपन्या देतात. तुमचा सध्याचा ऑपरेटर हे देत असेल आणि तुमचा जुना नंबर त्याच सिस्टीमवर हलवून देतो असं लिहून देत असेल, तर डोळे झाकून हाच घ्या. तोंडी नाही, मेलवर, नंबरच्या पूर्ण रेंजसकट. एकाच कंपनीत राहून पण पीआरआयवरचा नंबर ऑपरेटर कनेक्टवर हलवता येईल की नाही हे त्यांच्या एक्स्चेंजवर अवलंबून असतं, सेल्सवाल्या पोराला ते माहीत असेलच असं नाही, त्याला टेक्निकल टीमकडून कन्फर्म करून आणायला सांगा.

दुसरा डायरेक्ट राउटिंग. यात तुम्ही मध्ये एक एसबीसी बसवता, सेशन बॉर्डर कंट्रोलर, एका बाजूने तुमची जुनी पीआरआय किंवा सिप ट्रंक आणि दुसऱ्या बाजूने टीम्स. ऑडिओकोड्स, रिबन, सिस्को, ओरॅकल अशा कंपन्यांचे मायक्रोसॉफ्टने सर्टिफाय केलेले येतात, पीआरआय असेल तर ई-वन पोर्टवालाच घ्यावा लागेल नाहीतर वायर लावायचा कुठे. याचा मोठा फायदा हाच की ऑपरेटर बदलायचा नाही, नंबर बदलायचा नाही, आणि जुनी ईपीएबीएक्स पण एसबीसीच्या मागे तशीच चालू ठेवता येते. म्हणजे ऑफिसातले लोक टीम्सवर, गोडाऊन आणि गेटवरचे जुन्या फोनवर, आणि दोघं एकमेकांना तीन आकडी एक्स्टेंशन दाबून लावतात.

नुकसान काय, तर ती पेटी आता तुमची जबाबदारी झाली. तिला तुमच्या डोमेनचं नाव लागतं, मायक्रोसॉफ्टने फुकट दिलेलं ऑनमायक्रोसॉफ्टवालं डोमेन चालत नाही, पब्लिक सर्टिफिकेट (पेटीची ओळख पटवणारा डिजिटल दाखला) लागतं आणि ते संपलं की टीम्सवरचे बाहेरचे कॉल बंद. हे सर्टिफिकेटचं आता जास्त सांभाळा, १५ मार्च २०२६ पासून २०० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचं नवीन पब्लिक सर्टिफिकेट भेटत नाही आणि पुढे मुदत अजून कमी होणार आहे, म्हणजे वर्षातून एकदा येऊन बदलून जाणारा माणूस आता पुरणार नाही, एएमसीमध्ये, म्हणजे वर्षाच्या मेंटेनन्स करारात हे स्पष्ट लिहून घ्या की रिन्यू कोण करणार.

दोन्ही रस्त्यांत टीम्स फोनचं लायसन्स माणशी लागतंच, मायक्रोसॉफ्टचा ई-फाइव्ह प्लॅन असेल तर त्यात आधीच असतं, खालच्या प्लॅनवर वेगळं घ्यावं लागतं. इथे एक पैसे वाचवायची जागा आहे. गेटवरचा वॉचमन, पँट्री, मीटिंग रूम, स्टोअर, यांना माणसाचं पूर्ण लायसन्स देऊ नका, शेअर्ड डिव्हाइसचं वेगळं लायसन्स येते ते स्वस्त पडते. आणि आयव्हीआर ("एक दाबा, दोन दाबा" सांगणारं मशीन) किंवा कॉल क्यूसाठी (आलेले कॉल रांगेत ठेवून वाटणारी सोय) जे रिसोर्स अकाउंट बनवावं लागतं त्याचं लायसन्स फुकट आहे, ते ॲडमिनमधून आठवणीने घ्यावं लागतं एवढंच.

झूम वापरत असाल तर, झूमला २०२३ मध्ये भारताचं टेलिकॉम लायसन्स भेटलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये झूम फोन इथे सुरू झाला, सुरुवात पुण्यापासून म्हणजे आपल्याच महाराष्ट्र सर्कलमधून केली. सोपं आहे, एकाच कंपनीचं ॲप आणि एकाच कंपनीचे नंबर. पण नंबर नवीन येतील, आणि त्यांना थेट विचारा की ०७१२ चा नंबर देता का, कारण इतवारीतल्या दुकानाच्या बोर्डावर पुण्याचा ०२० दिसला तर गिऱ्हाईक विचारात पडेल. नवीनच ऑफिस टाकून राहिले असाल, मिहानमध्ये जागा घेतली आहे, जुना नंबर नाहीच, तर मात्र हा पर्याय खुशाल पाहा.

गुगल वर्कस्पेसवाल्यांसाठी गुगल व्हॉइस इथे नाही, त्यांना वेगळी क्लाउड टेलिफोनी (इंटरनेटवरून चालणारी फोन सेवा) घेऊन तिचं ॲप बाजूला चालवावं लागते. त्यात वाईट काही नाही. सेल्सची टीम असेल, सीआरएममध्ये (गिऱ्हाईकांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) प्रत्येक कॉल नोंदवायचा असेल, कोणी उचलला कोणी नाही हे पाहायचं असेल, तर एक्झोटेल, मायऑपरेटर अशा कंपन्या हेच काम करतात आणि टीम्सपेक्षा चांगलं करतात.

आणि एक रस्ता असाही आहे की काहीच जोडू नका. गांधीबागेतल्या होलसेलवाल्याचं सगळं काम व्हॉट्सॲप ग्रुपवर चालते, टीम्स फक्त सीएने सांगितलं म्हणून घेतलेलं, तिथे मी साफ सांगतो की ईपीएबीएक्स ठेवा आणि पैसे वाचवा. फार तर लँडलाइनचाच नंबर व्हॉट्सॲप बिझनेसला लावून घ्या, तो कॉल करून कोड सांगतो त्यामुळे लँडलाइनवर पण चालते. फक्त त्या वेळी आयव्हीआर बंद करून कॉल सरळ माणसाच्या हातात येईल असं करा, नाहीतर मशीन मशीनला "स्वागत आहे" सांगत बसते आणि कोड काही भेटत नाही.

चॅनल किती, ते अंदाजाने ठरवू नका

व्हेंडरला विचारलं की तो म्हणेल ६० माणसं आहेत तर ३० चॅनल घ्या. कशाला? ईपीएबीएक्समध्ये प्रत्येक कॉलची नोंद असते, जुने लोक त्याला एसएमडीआर म्हणतात, तिचा दोन आठवड्यांचा रिपोर्ट काढा आणि पाहा की सगळ्यात गर्दीच्या तासात एकाच वेळी किती कॉल चालू होते. त्यात थोडा वाढीव धरा. महिन्याची पहिली तारीख किंवा दिवाळीच्या आधीचा आठवडा भेटला तर अजून चांगलं, संत्र्याच्या धंद्यातले असाल तर सीझनचा रिपोर्ट काढा, मे महिन्याचा काढून काय फायदा.

त्याच रिपोर्टमध्ये अजून एक गोष्ट दिसते आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते, कॉल कोण उचलते. कितीतरी ऑफिसात ४० एक्स्टेंशन असतात आणि बाहेरचे जवळजवळ सगळे कॉल तीन-चार जणच घेतात. मग ४० जणांना फोनचं लायसन्स कशाला? बाकीच्यांना टीम्सवर आपसात बोलता येतंच, त्याला वेगळे पैसे लागत नाहीत. आधी चार जणांना द्या, ज्याला खरंच लागेल तो स्वतः येऊन मागेल.

आणि रिपोर्ट काढून झाला की ऑफिसभर एक चक्कर मारा आणि प्रत्येक वायर कुठे जातो ते पाहा. लिफ्टमधला फोन, फायर अलार्मचा पॅनल, फॅक्स (हो, हॉस्पिटल आणि सरकारी टेंडरवाल्यांकडे अजून आहे), जुनं कार्ड स्वाइप मशीन, लांबच्या पंप हाऊसमधला फोन. हे साध्या ॲनालॉग लाइनवरच चालू द्या. लिफ्टचा फोन टीम्सवर टाकून इंटरनेट गेलं आणि आत माणूस अडकला तर काय, एवढाच विचार करा.

डायल करताना काय काय बिघडतं

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण पहिल्या आठवड्यातल्या बहुतेक तक्रारी इथूनच येतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टीम्सला नंबर पूर्ण लागतो, प्लस ९१ सकट. आपला माणूस वीस वर्षांपासून लोकल नंबर सात आकडी दाबतो, २ पासून सुरू होणारा, पुढे ०७१२ लावायची त्याला सवय नाही. मोबाईल लावताना तो पुढे शून्य दाबतो, कारण १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईलला शून्य लावावाच लागतो. आणि जुन्या ईपीएबीएक्सवर बाहेरची लाइन घ्यायला आधी ० किंवा ९ दाबायची सवय वेगळीच. हे सगळं तसंच्या तसं टीम्समध्ये दाबलं की कॉल लागत नाही आणि नाव सिस्टीमचं खराब होतं.

त्यासाठी डायल प्लॅनमध्ये नियम लिहावे लागतात. सात आकडे आले तर पुढे प्लस ९१७१२ लाव. ६ ते ९ पासून सुरू होणारे दहा आकडे आले तर प्लस ९१ लाव. शून्य आणि पुढे दहा आकडे आले तर शून्य काढून प्लस ९१ लाव. १८०० वाले टोल फ्री, ११२, १०८, १०१ हे जसेच्या तसे जाऊ दे. तीन आकडी एक्स्टेंशन आपसात जाऊ दे, आणि इथे जपा, तुमचं एक्स्टेंशन १०१ किंवा १०८ असेल तर आधी ते बदला, फायर ब्रिगेडला लावलेला फोन अकाउंट्सच्या टेबलवर वाजायला नको.

मग एसबीसीच्या पलीकडच्या बाजूला याच्या उलट करावं लागते, कारण ऑपरेटरला प्लस ९१ नको असतं, त्याला मोबाईलपुढे शून्य पाहिजे आणि लोकल नंबर बिना ०७१२ चा पाहिजे. कोणाला कसं पाहिजे ते ऑपरेटरनुसार बदलते, आधीच लेखी मागवा. ऑपरेटर कनेक्टमध्ये ही दुसरी बाजू ऑपरेटरच पाहतो, डायरेक्ट राउटिंगमध्ये तुम्ही.

अजून एक, कॉल फॉरवर्डचं. टीम्सवर आलेला कॉल ॲपमध्येच उचलला तर गिऱ्हाईकाचा नंबर बरोबर दिसतो. पण तोच कॉल साध्या मोबाईल नंबरवर फॉरवर्ड केला तर बहुतेक वेळा ऑफिसचाच नंबर दिसतो, कारण तुमच्या रेंजच्या बाहेरचा नंबर ऑपरेटर पुढे जाऊ देत नाही. सेल्सवाल्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते म्हणतात सिस्टीम खराब आहे. त्यांना फॉरवर्ड नका लावू, मोबाईलवर टीम्सचं ॲपच टाकून द्या.

कायद्याचं, थोडक्यात पण नीट

आपल्याकडे टोल बायपास चालत नाही. म्हणजे नागपूरच्या माणसाने लावलेला कॉल कंपनीच्या डेटा लाइनवरून मुंबईला न्यायचा आणि तिथल्या ट्रंकमधून बाहेर काढून एसटीडी वाचवायचा, किंवा परदेशातल्या ब्रँचमधून आलेला आवाज इथल्या पीआरआयमध्ये सोडायचा, हे करायचं नाही. टीम्समध्ये यासाठीच लोकेशन बेस्ड राउटिंग नावाची सेटिंग आहे, कोणत्या ऑफिसातून कोणती ट्रंक वापरायची ते बांधून टाकता येतं. डायरेक्ट राउटिंग घेत असाल आणि दोन शहरांत ऑफिस असेल तर इन्स्टॉलेशनवाल्याला हा शब्द सांगा, त्याचा चेहरा कोरा पडला तर दुसरा माणूस शोधा.

कॉल सेंटरवाल्यांचे नियम २३ जून २०२१ ला बरेच सैल झाले, पण तुमच्या ऑफिसला घरून काम करणाऱ्यांना ट्रंक वापरू द्यायची असेल तर आपल्या ऑपरेटरकडून लेखी घ्याच, फोनवरच्या "हो जी, चालते" वर जाऊ नका.

आणि नंबर सांभाळायचाच असेल तर त्यावरून मार्केटिंगचे कॉल करू नका. ट्रायने, म्हणजे टेलिकॉमच्या सरकारी नियामकाने, १३ ऑगस्ट २०२४ ला आदेश काढला, रजिस्ट्रेशन नसताना पीआरआय किंवा सिपवरून प्रमोशनल कॉल करणाऱ्याची सगळी कनेक्शन कापायची आणि दोन वर्षांपर्यंत ब्लॅकलिस्ट. टीम्समध्ये कॉल लावणं सोपं झालं की एखादा नवीन मॅनेजर यादी घेऊन बसतोच, त्याला तिथेच थांबवा. जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ची सिरीज वेगळी आहे.

नागपूरचं ऊन, सिमेंट रोड आणि लाइट

लोक विचारतात इंटरनेट किती एमबीपीएसचं घेऊ. आवाजाला जास्त लागतच नाही हो, साध्या जी-७११ कोडेकवर (आवाज डेटात बदलायची पद्धत) एका कॉलला एका दिशेने ८७ केबीपीएसच्या आसपास, म्हणजे ३० कॉल एकदम चालले तरी तीन एमबीपीएसच्या आत. अडतं ते वेगळ्या ठिकाणी. पॅकेट लॉस, म्हणजे वाटेत हरवणारा डेटा, एक टक्क्याच्या खाली पाहिजे, जिटर, म्हणजे डेटा पोचण्यातला मागेपुढेपणा, ३० मिलिसेकंदाच्या खाली, आणि दुपारी तीन वाजता कोणी सीसीटीव्हीचा बॅकअप लावला की हे दोन्ही आकडे चढतात. राउटरमध्ये आवाजाला पहिली वाट द्या, सिप एएलजी नावाचा पर्याय असेल तर बंद करा, तो चालू असला की एका बाजूचा आवाज जाणं, कॉल मध्येच तुटणं असले प्रकार होतात. सेल्सवाल्याचा डेमो त्याच्या लॅपटॉपवर नका पाहू, तुमच्या ऑफिसच्या नेटवर सोमवारी सकाळी अकरा वाजता पाहा.

आपल्या शहरात रस्ता खोदला की फायबर तुटते हे मी काय सांगायचं. दोन इंटरनेट पाहिजेतच आणि दोन्ही एकाच खांबावरून येणारे नकोत, एक फायबर असेल तर दुसरं रेडिओ किंवा ५जी घ्या. डायरेक्ट राउटिंगमध्ये मीडिया बायपास चालू केलं तर आवाज मायक्रोसॉफ्टपर्यंत जाऊन परत येत नाही, लॅपटॉप आणि एसबीसीच्या मधेच राहतो, पण कॉल जुळवायला नेट लागतंच. हॉस्पिटलसारखी जागा असेल तर एसबीसीमध्ये सर्व्हायव्हेबल ब्रँच अप्लायन्स असलेलं मॉडेल घ्या, नेट पूर्ण गेलं तरी पीआरआयवरून बाहेर फोन लागतो. धंतोली-रामदासपेठेतल्या कोणत्याही हॉस्पिटलला मी याच्याशिवाय होच म्हणत नाही.

लाइटचं गणित बदलते हे कोणी सांगत नाही. जुन्या इंटरकॉमला करंट ईपीएबीएक्सच्या बॅटरीतून यायचा, लाइट गेली तरी फोन चालू. नवीन आयपी फोनला करंट मजल्यावरच्या स्विचमधून येतो, आणि त्या स्विचला यूपीएस नसतो. सर्व्हर रूमला यूपीएस आहे म्हणून खूश होऊ नका, प्रत्येक मजल्यावरचा स्विच पाहा.

आणि ऊन. मे महिन्यात बाहेर ४५ असते, रॅकच्या बंद कपाटात किती होते ते हात घालून पाहा. या पेट्यांवर साधारण ४० डिग्रीपर्यंतच चालवा असं लिहिलेलं असतं. एका ठिकाणी सर्व्हर रूममध्ये कूलर लावलेला पाहिला, खस टाकून, पाणी मारून, फार प्रेमाने. तो काढायला लावला. ओलीने पोर्ट गंजतात, तिथे एसीच पाहिजे, छोटा चालेल पण एसी.

रिसेप्शनच्या ताईंना आधी विचारा

बिल पाहून झालं की हे मी सगळ्यात आधी करतो. रिसेप्शनवर जी ताई बसते तिच्या शेजारी खुर्ची टाकून अर्धा दिवस बसतो. ती आवाजावरून ओळखते की हे चंद्रपूरचे पार्टीवाले, यांना सरळ मोठ्या साहेबांना द्यायचं, आणि हे वसुलीवाले, यांना अकाउंट्सला. साहेब जागेवर आहेत की नाही हे ती दिवा पाहून सांगते. टीम्समध्ये हे सगळं तिला करता आलं पाहिजे, कोण बोलून राहिलं कोण मोकळं आहे हे एका स्क्रीनवर दिसलं पाहिजे, आणि तिला खरा फोन पाहिजे असेल तर द्या, हेडसेटच घे असं नको. यालिंक, पॉली यांचे टीम्सवाले फोन येतात, आणि जुने काही सिप फोन पण मायक्रोसॉफ्टच्या सिप गेटवेवरून चालतात, यादी पाहून घ्या, फेकायची घाई नको.

ऑटो अटेंडंट (टीम्समधला आयव्हीआर) लावायचा तर मराठी आणि हिंदीत, आपल्याच माणसाच्या आवाजात रेकॉर्ड करा, आणि दोन-तीन पर्यायांच्या वर जाऊ नका. शेतमालाचा, ट्रान्सपोर्टचा धंदा असेल तर दिवसा आयव्हीआर नकोच, फोन सरळ ताईंकडे वाजू द्या, तिने नाही उचलला तर कॉल क्यूमध्ये बाकी दोघांकडे. कळमन्याच्या मार्केटमध्ये लिलाव चालू असताना एका हातात मोबाईल धरून बोलणारा माणूस "खरेदीसाठी एक दाबा" ऐकत थांबत नाही, तो दुसऱ्या आडत्याला फोन लावतो.

बदलायचा दिवस

आधी पाच जणांवर दोन आठवडे चालवा, त्यात ताई पाहिजेच आणि सगळ्यात जास्त तक्रार करणारा माणूस पण पाहिजे. मग बाकीचे, मजल्यामजल्याने. मोठा बदल शनिवारी दुपारनंतर करा म्हणजे रविवार हातात राहतो, आणि त्या दिवशी ऑपरेटरचा इंजिनियर फोनवर उपलब्ध राहील हे आधी ठरवून घ्या.

रविवारी बसून हे स्वतः लावून पाहा: लोकल लँडलाइन, प्रत्येक कंपनीचा एक मोबाईल, मुंबईचा एसटीडी, टोल फ्री नंबर लावून त्यात आकडे दाबले जातात का (बँकेच्या आयव्हीआरमध्ये हे अडकते), बाहेरून प्रत्येक डीआयडी, ट्रान्सफर, होल्ड, आणि कॉल चालू असताना एक इंटरनेट ओढून. ११२ लागते का ते पण पाहा, उचलल्यावर टेस्ट कॉल आहे असं सांगून लगेच ठेवा.

नवीन नंबर घ्यावाच लागला असेल तर जुनी लाइन बंद करू नका. एक-दोन चॅनल किंवा साधी लाइन तेवढी ठेवा आणि तिला नवीन नंबरवर फॉरवर्ड लावा, निदान वर्षभर. त्या वर्षात जुन्या नंबरवर कोणाकोणाचे कॉल येतात त्याची यादी ताईंना ठेवायला सांगा आणि त्यातल्या एकेकाला स्वतः फोन करून नवीन नंबर द्या. लाइन सरेंडरचा फॉर्म कोणी समोर ठेवला तर त्या यादीत मागच्या महिन्यात एकही नवीन नाव आलेलं नसेल तेव्हाच सही करा.